दादासाहेब फाळके : चमत्काराची दृश्यभाषा

चित्रपटातील ‘ट्रिक’ ही निव्वळ करामत नसून अर्थ सांगण्याची एक रीत असते, हे फाळके यांच्या कारकिर्दीवरून समजते. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर क्षणांत घडली. कॅमेरा काळ आकसवू शकतो, हे सिद्ध झाले. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) या मूकपटांत, कीर्तनात ऐकलेले आणि चित्रांत स्थिर पाहिलेले चमत्कार हलू लागले. बोलपटात मात्र अर्थाचा भार संवाद-संगीताने उचलला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा फाळक्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

विचार करा : शब्द आल्याने दृश्याने काय गमावले?