सक्ती नाही म्हणजे शिक्षेची मुभा नव्हे

अमेरिकेत कुणा कर्मचाऱ्याने कंपनीचा नियम मोडून एखाद्याचा जीव वाचवला आणि त्याची नोकरी गेली, की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ‘वाचवणं कायद्याने बंधनकारक होतं का? नाही ना! मग कंपनीने काढलं तर तक्रार कसली?’ शिकलेसवरलेले लोकही हे ठामपणे सांगतात, आणि दर वेळी तीच गफलत करतात. एखादी गोष्ट करण्याची सक्ती नाही, एवढ्यावरून ती केल्याबद्दल शिक्षा देण्याचा हक्क मालकाला मिळत नाही. मतदानाला जाणंही तिथे सक्तीचं नसतं. म्हणून मत दिल्याबद्दल कुणाला दंड करायचा का?

यावर स्पष्ट निकाल आहे. वॉशिंग्टन राज्यातलं स्पोकेन शहर, १९९४. ‘लूमिस आर्मर्ड’ कंपनीची रोकड नेणारी चिलखती गाडी बँकेबाहेर उभी होती. साथीदार आत गेलेली, चालक एकटा गाडीत. तेवढ्यात बँकेची व्यवस्थापक ‘वाचवा, वाचवा’ असं ओरडत बाहेर धावली. मागोमाग चाकू घेतलेला माणूस. चालक खाली उतरला. दरम्यान त्या माणसाने दुसऱ्या एका स्त्रीला पकडून पुन्हा बँकेत नेलं. चालकाने आत जाऊन साथीदाराच्या मदतीने त्याला लोळवलं. ती स्त्री वाचली. कंपनीने चालकाला काढलं, कारण गाडी सोडायची नाही हा तिथला कडक नियम होता.

१९९६मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : डोळ्यांसमोर कुणाच्या जिवावर बेतलेलं असताना त्याला वाचवणं हे समाजाच्या मूलभूत हिताचं आहे, आणि त्यासाठी नोकरीवरून काढणं हे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. नागरिकांवर वाचवण्याचं कर्तव्य आपण लादत नाही, हेही न्यायालयाने तिथेच स्पष्ट केलं. म्हणजे कर्तव्य नाही, तरीही संरक्षण आहे. यापेक्षा सोपं करून कसं सांगायचं?

निकालाचा अर्थ मात्र ताणू नये. कंपनीचा नियम रद्द झाला नाही. संरक्षण मिळालं ते फक्त प्राणावर बेतलेल्या प्रसंगापुरतं, आणि तेही त्या राज्यात.

आता बाकीचे गैरसमज.

‘अमेरिकेत मालक कुणालाही, कशासाठीही काढू शकतो.’ नाही. वंश, धर्म, लिंग यांवरून काढण्याला १९६४च्या नागरी हक्क कायद्याने बंदी आहे. मोंटाना राज्यात तर परिवीक्षेचा काळ संपल्यावर काढायला सबळ कारण लागतं.

‘मदतीची सक्ती कुठेच नाही.’ आहे. फ्रान्समध्ये मदत टाळल्यास पाच वर्षांपर्यंत, जर्मनीत एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्येही १९६७पासून तसा कायदा आहे. दंड फक्त शंभर डॉलरपर्यंत.

‘आपल्याकडे अपघातग्रस्ताला उचललं की पोलिसांचं लचांड मागे लागतं.’ मोटार वाहन कायद्यातलं २०१९चं कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं.

तुमचं कुणी अमेरिकेत नोकरीला असेल, तर ‘कर्तव्य नव्हतं’ एवढं ऐकून त्याला गप्प बसायला सांगू नका. त्याच्या राज्यातल्या वकिलाला विचारायला सांगा.