एका ओळीत लोकल सर्व्हर, तोही इंटरनेटशिवाय

आजचा भाग बारामती-इंदापूरकडच्या त्या पोरापोरींसाठी, जे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वेब डेव्हलपमेंट शिकतायत.

समजा, तुम्ही भिगवणच्या पक्ष्यांवर साइट बनवताय. एक एचटीएमएल फाइल, आणि रोहित, चित्रबलाक वगैरेंची यादी जेसन फाइलमध्ये. डबल क्लिक केलं की पान दिसतं, पण यादी रिकामी! कोडमध्ये चूक शोधत रात्र जाते. चूक कोडमध्ये नसतेच. असं उघडलेलं पान थेट डिस्कवरून येतं, आणि सुरक्षेसाठी ब्राउझर त्याला शेजारची फाइल फेच करू देत नाही. पान एचटीटीपीवरून यायला हवं. म्हणजे सर्व्हर हवा.

पायथन ३ असेल तर काहीच डाउनलोड करायचं नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि (इंग्रजी अक्षरांत) टाइप करा: पायथन थ्री, स्पेस, डॅश एम, स्पेस, एचटीटीपी डॉट सर्व्हर. विंडोजवर 'पायथन थ्री'ऐवजी नुसतं 'पाय'. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, 8000. यादी हजर! पोर्ट अडलेला असेल तर शेवटी 8080 लिहा. थांबवायला कंट्रोल सी.

पीएचपी शिकताय? 2012 च्या 5.4 आवृत्तीपासून सर्व्हर त्यातच आहे: पीएचपी, डॅश कॅपिटल एस, लोकलहोस्ट कोलन 8000. नोडवाल्यांसाठी 'एनपीएक्स सर्व्ह' आहे, पण पहिल्यांदा ते पॅकेज नेटवरून ओढतं. व्हीटचंही तसंच, एकदा इन्स्टॉल झालं की 'एनपीएम रन डेव्ह' म्हणायचं आणि फाइल सेव्ह केली की पान आपोआप बदलतं. पायथनमध्ये रिफ्रेश आपणच मारायचं.

आता महत्त्वाचं. पायथनचा हा सर्व्हर काही न सांगता नेटवर्कवरच्या सगळ्यांना दार उघडतो. घरी ते सोयीचं: लॅपटॉपचा आयपी पत्ता फोनमध्ये टाकला की साइट फोनवर तपासता येते, आणि हॉटस्पॉट असला तरी त्या पानांसाठी डेटा खर्च होत नाही, कारण सगळं फोन आणि लॅपटॉपमध्येच चालतं. पण हॉस्टेलच्या किंवा लॅबच्या वायफायवर तुमचा अख्खा फोल्डर शेजारच्याला दिसू शकतो, त्यात पासवर्डची फाइल असेल तर तीही. तिथे कमांडपुढे जोडा: डॅश डॅश बाइंड, 127.0.0.1. मग सर्व्हर फक्त तुमच्याच मशीनला उत्तर देतो.

आणि हो, हे सगळं शिकण्या-तपासण्यापुरतं. खरी साइट लोकांसाठी यावर चालवायची नाही. पायथनचं डॉक्युमेंटेशनही तेच बजावतं.

आज रात्री नेट बंद करून एकदा करून बघा. भेटू पुढच्या भागात!