चिऱ्याच्या भिंतीला रेनकोट नको

मे महिन्यात चाकरमानी गावी येतो आणि गणपतीआधी घराचं काय करायचं ते बघतो. भिंतीचे पोपडे निघालेत, जोत्यापासून हातभर ओल चढली आहे, पडवीवरची चार कौलं सरकलीत. गवंडी सांगतो, "सगळं खरवडून सिमेंट मारू, परत बघायला नको." कोकणातल्या जुन्या घरांचं जितकं नुकसान या सल्ल्याने झालं, तितकं पावसानेही केलं नसेल असं मला वाटतं.

"सिमेंटने भिंत पक्की होते"

चिरा म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, आणि जांभा सच्छिद्र. खाणीतून निघतो तेव्हा हत्याराने तासता येण्याइतका मऊ, उघड्यावर हवा-ऊन लागलं की कडक होणारा. तो पाणी पितो आणि सोडतोही. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी वर चढणारच. माती किंवा चुन्याच्या सांध्यांतून ते बाहेर पडून वाळतं, तोवर भिंतीचं काही बिघडत नाही. सिमेंटचा गिलावा हीच वाट बुजवतो. मग अडलेलं पाणी गिलावा संपतो तिथवर चढत जातं आणि हातभर असलेली ओल खिडकीपर्यंत पोचते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे स्फटिक धरतात आणि दगडाचं पीठ करतात. लोणा लागला म्हणतात तो हाच. त्यात सिमेंट ताठ. भिंत जरा हलली की त्याला केसाएवढी चीर जाते, तिच्यातून पाऊस आत शिरतो, पण वाळायला जागा उरत नाही. पुढे गिलावा सुटतो तो दगडाचा पापुद्रा घेऊनच.

म्हणून आधी पाण्याचा बंदोबस्त, गिलावा नंतर, आणि तोही चुन्याचा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं का? भराव आणि पेव्हर ब्लॉक टाकून टाकून अंगण वर आलं आणि जोतं बुडालं, असं तर झालं नाही? मोरीचं पाणी जातं कुठे? एवढं मार्गी लावून एक उन्हाळा जाऊ दिला तरी भिंत बरीच वाळते. आधीच सिमेंट मारलेलं असेल तर जे सैल झालंय तेवढंच काढा. घट्ट बसलेलं उपटायला गेलात तर चिरा फुटेल.

"चुना म्हणजे कच्चं काम"

मुरूडजवळचा पद्मदुर्ग पाहून या. खाऱ्या वाऱ्याने तिथले दगड झिजून आत गेलेत, दोन दगडांमधला चुना मात्र पुढे उभा आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो आणि त्याला महिने लागतात. आठ दिवसांच्या रजेत हे जमत नाही, ही खरी अडचण. कळीचा चुना विरवताना पाणी अक्षरशः उकळतं, तेव्हा पोराबाळांना लांब ठेवा. आणि एवढं करून वर प्लास्टिकसारखा रंग फासू नका, चुन्याची सफेदीच द्या.

"मंगलोरी कौलं म्हणजे घराचं मूळ रूप"

ही कौलं बासेल मिशनच्या मंगळूरमधल्या कारखान्यात 1865पासून बनू लागली. घर त्याहून जुनं असेल तर त्यावर आधी नळीची कौलं किंवा गवत असणार. पण म्हणून मंगलोरी उतरवून नळीची शोधत फिरायची गरज नाही. पणजोबांनी चढवलेलं कौलही घराच्या इतिहासातलंच.

"किल्लारी आठवा, स्लॅबच बरा"

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात जे झालं ते नीट आठवायला हवं. तिथल्या जाड दगडी भिंती दोन तोंडांच्या होत्या, मधे माती आणि गोटे. दोन्ही तोंडांना एकत्र धरणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच, आणि छतावर मातीचे थर. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. त्यातून कळतं ते इतकंच, की वरचं वजन कमी करा आणि भिंतीची दोन्ही तोंडं एकमेकांना बांधून घ्या. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे 300 किलो भरतं, कौलांचं त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर स्लॅब टाकणं म्हणजे किल्लारीचा धडा उलटा वाचणं.

"वाळवी दिसली, लाकूड बदला"

सागाच्या गाभ्याच्या वाटेला वाळवी सहसा जात नाही, ती सालीलगतचा फिकट भाग खाते. खांब सडतो तो बहुधा खालून, त्याच्या बुडाचा दगड म्हणजे तळखडा जमिनीत गाडला गेल्यामुळे. चांगला सुतार सडलेलं टोक कापून जोड देतो आणि तळखडा उचलून घेतो. अख्खा खांब टाकून देऊ नका, तसा साग आता बाजारात शोधून बघा म्हणजे समजेल.

सगळं घर एकदम काढायचं धाडस होत नसेल तर मागच्या, मोरीकडच्या भिंतीपासून सुरुवात करा. एक पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळीला आलात की तिला हात लावून बघा.