प्रेसमड कारखान्यातून निघतं. खत व्हायला वेळ लागतो

गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या पट्ट्यात बांधाबांधावर प्रेसमडचे काळपट, ओले ढीग दिसू लागतात. साखर कारखान्यात उसाचा रस शुद्ध करताना खाली बसलेला गाळ म्हणजे प्रेसमड. एक टन ऊस गाळला की साधारण 30 ते 40 किलो निघतं. दिवसाला 5,000 टन गाळप असेल, तर रोज 150 ते 200 टन. वर्षानुवर्षं ऊस घेऊन सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनींच्या शेजारीच एवढा सेंद्रिय माल तयार होतो, आणि अर्धवट माहितीमुळे त्याचा फायदा हातचा जातो.

“काळं दिसतंय, म्हणजे कुजलेलंच आहे,” हा सर्वांत महागात पडणारा समज. ताज्या ढिगात लोखंडी सळई खोल खुपसून थोड्या वेळानं बाहेर काढा. टोक हातात धरवत नाही. उरलेल्या साखरेवर जिवाणू काम करत असतात आणि आतलं तापमान 60 अंशांच्या पुढे जातं. त्यात उसाचं मेणही असतं, ते सावकाश कुजतं. हा कच्चा माल सरीत ओढला, तर ही सगळी उलथापालथ कोवळ्या मुळांशेजारी होते. जिवाणूंना कर्ब भरपूर मिळतो पण नत्र कमी पडतं, मग ते मातीतलं नत्र उचलतात. ऊस पिवळा पडतो आणि ‘प्रेसमडनं पीक जळालं’ अशी बोलवा होते. दोष प्रेसमडचा नसतो, घाईचा असतो. लांब ढीग लावून, निम्म्याच्या आसपास ओल राखून आणि वरचेवर पलटी देऊन दीड-दोन महिने कुजवलं, की ढीग थंड होतो, आंबूस वास जाऊन मातीचा वास येतो, माल भुसभुशीत होतो. तरीही शंका असेल तर कुंडीत थोडा माल मातीत मिसळून मूग पेरा. मूग नीट उगवला नाही, तर ढिगाला आणखी वेळ द्या.

“त्यात रसायनं असतात, जमीन खराब होते,” असंही म्हणतात. रस निवळण्यासाठी चुना आणि गंधकाचा धूर वापरतात, हे खरं आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांतल्या या पद्धतीच्या प्रेसमडमधून पिकाला कॅल्शियम आणि गंधक ही अन्नद्रव्यंच मिळतात. कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्यातलं प्रेसमड मात्र चुन्यानं भरलेलं असतं. ते आम्लधर्मी जमिनीला चालतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत नको.

“प्रेसमड टाकलं, आता युरियाची गरज नाही,” हे गणितात बसत नाही. ताज्या एक टन प्रेसमडमध्ये सुमारे 700 किलो पाणीच असतं. उरलेल्या 300 किलोत नत्र तीन ते साडेचार किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत जवळपास 21 किलो असतं. प्रेसमडचं खरं मोल कर्बात आणि स्फुरदात आहे. पालाश त्यात कमीच, कारण तो रसाबरोबर मळीत जातो आणि मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, उतरतो.

म्हणूनच “स्पेंटवॉश म्हणजे फुकटचा पालाश, द्या शेतात सोडून” हा समज पसरला. याबाबतीत मला अजिबात ढिलाई मान्य नाही. एक लिटर मद्यार्कामागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतं. ते आम्लधर्मी असतं, सामू 4 च्या आसपास. क्षारही भरपूर, आणि त्याचा बीओडी, म्हणजे कुजताना पाण्यातला प्राणवायू खाण्याची ताकद, लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्या घरात. रात्री टँकर लावून पडीक रानात ओतलेलं हे पाणी झिरपून विहिरीत उतरतं, विहिरीचं पाणी तांबूस होतं आणि ते वर्षानुवर्षं निवळत नाही. त्यातला पालाश वापरण्याचे रीतसर मार्ग आहेत: पक्क्या फरशीवर प्रेसमडसोबत त्याचं कंपोस्ट करणं, किंवा ते आटवून, जाळून राखेतून पालाशयुक्त खत काढणं.

बायोगॅसला चालना देणाऱ्या केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘सतत’ योजनेनंतर प्रेसमड बायोगॅस प्रकल्पांकडेही जाऊ लागलं. “गॅस काढल्यावर उरतो तो निव्वळ चोथा,” असं समजून कुणी ती स्लरी नाकारू नये. गॅसबरोबर मुख्यतः कर्बाचा काही भाग जातो. नत्र, स्फुरद आणि पालाश बहुतांशी मागेच राहतात. फक्त घेताना त्या मालाचा तपासणी अहवाल मागून घ्या, आणि आपल्या माती परीक्षणाच्या कागदाशेजारी ठेवून मगच मात्रा ठरवा.