समुद्रतळाचे भय आणि आदामाचा वंश : लव्हक्राफ्टची कथा व कॅथलिक मानवोत्पत्तिविचार

प्रास्ताविक :

मनुष्याची उत्पत्ती कशी झाली, या प्रश्नाचा विचार धर्मशास्त्र, जीवशास्त्र आणि साहित्य या तिन्ही क्षेत्रांत होत आला आहे. साहित्यातील भयकथा हा प्रकार मात्र या संदर्भात क्वचितच विचारात घेतला जातो. वस्तुतः अमेरिकन लेखक हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) याच्या समुद्रविषयक भयकथांच्या गाभ्याशी मानवोत्पत्तीचाच प्रश्न आहे. लव्हक्राफ्ट नास्तिक होता आणि कोणताही धर्मविचार मांडणे हा त्याचा हेतू नव्हता. तरीही त्याची कथा आणि कॅथलिक मानवोत्पत्तिविचार शेजारी ठेवून वाचले असता दोहोंत एक समान गृहीतक आढळते. ते असे की, माणूस जन्मतःच असे काही घेऊन येतो, जे त्याने स्वतः निवडलेले नसते. हा वारसा माणसाचे मोल ठरवतो काय, या प्रश्नावर मात्र हे दोन्ही विचार परस्परविरुद्ध दिशांना जातात. हा फरक स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विश्वभय आणि समुद्रतळ :

पारंपरिक भुताच्या कथेत भय हे नीतीशी बांधलेले असते. अपराध घडतो, त्याचा सूड उगवला जातो आणि अखेरीस देवाचे नाव कामी येते. लव्हक्राफ्टच्या कथेत ही व्यवस्थाच नाही. तेथील विश्व अफाट व अतिप्राचीन असून ते माणसाचा द्वेषही करीत नाही. त्याला माणसाची दखलच नाही. ज्ञान वाढत जाते तसतसे आपले क्षुद्रत्व उघड होते आणि तेच भयाचे कारण ठरते. या प्रकारच्या भयाला येथे 'विश्वभय' असे म्हटले आहे.

या भयाचे एक आवडते स्थान म्हणजे खोल समुद्र. 'डेगॉन' (लेखन १९१७, प्रकाशन १९१९) या कथेत समुद्राचा तळ वर उचलला जातो आणि माणसाच्या आधीच्या उपासकांची शिल्पे दिसतात. 'द कॉल ऑफ कथुलू' (१९२८) मध्ये पॅसिफिक महासागराच्या तळाशी बुडालेले नगर आहे. 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' (१९३६) या दीर्घकथेत ताऱ्यांवरून आलेले प्राणी प्रथम समुद्रात वस्ती करतात आणि स्वतःच्या अन्नासाठी व इतर गरजांसाठी पृथ्वीवरील जीवसृष्टी घडवतात. मानवाचा पूर्वज त्यांच्या लेखी एक करमणुकीचा प्राणी असतो. निर्मिती आहे, परंतु हेतू नाही; निर्माते आहेत, परंतु प्रेम नाही. उत्पत्तीच्या धर्मकथेचे हे नेमके उलटे रूप होय.

या कल्पनेस विज्ञानाची पार्श्वभूमीही आहे. १८६८ मध्ये टी. एच. हक्सले यांनी अटलांटिकच्या तळातून काढलेल्या चिखलात आदिम जीवद्रव्य सापडल्याचे जाहीर करून त्याला 'बॅथिबियस' असे नाव दिले. समुद्रतळावर आद्य जीवनाचा थर पसरलेला आहे, असे काही काळ मानले गेले. 'चॅलेंजर' या जहाजाच्या शोधमोहिमेत (१८७२-७६) मात्र हा पदार्थ म्हणजे समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल मिसळल्याने तयार झालेला साका असल्याचे आढळले आणि हक्सले यांनी आपली चूक मान्य केली. तथापि प्रश्न मिटला नाही. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशावाचून जगणारी जीवसृष्टी आढळली आणि जीवनाचा आरंभ अशाच ठिकाणी झाला असावा, हे मत पुढे आले.

'इन्समथ' : रक्तातील वारसा :

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कथा म्हणजे 'द शॅडो ओव्हर इन्समथ' (लेखन १९३१, प्रकाशन १९३६). मॅसॅच्युसेट्समधील इन्समथ या काल्पनिक बंदरात ओबेड मार्श हा जहाजमालक समुद्रातील 'खोलवासी' प्राण्यांशी करार करतो. मासे आणि सोने यांच्या मोबदल्यात त्यांच्याशी विवाहसंबंध जुळतात. संततीचे रूप लहानपणी मानवी असते. वय वाढते तसे डोळे विस्फारतात, मान सुरकुतते आणि अखेरीस ती व्यक्ती समुद्रात निघून जाते. तेथे तिला मृत्यू नाही. गावातील चर्चे ओस पडतात आणि दागोनचा पंथ प्रस्थापित होतो. (दागोन हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आलेले पलिष्ट्यांच्या देवाचे नाव आहे.) या गावातून जीव वाचवून पळालेल्या निवेदकाला पुढे कळते की, आजीच्या बाजूने आपणही मार्श घराण्याचेच वंशज आहोत. तो आधी हादरतो, आत्महत्येचा विचार करतो आणि शेवटी आनंदाने समुद्राकडे जाण्यास सिद्ध होतो.

कथेतील एक वृद्ध पात्र सुचवते की, सर्व जीव मुळात पाण्यातूनच आलेले असल्याने परत फिरण्यास थोडासा बदल पुरेसा आहे. हे उत्क्रांतीचे उलटे वाचन होय. आपले पूर्वज जलचर होते, हे तर आज निश्चित आहे. २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात सापडलेला 'टिक्टालिक' हा सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म मत्स्य आणि चतुष्पाद यांमधील अवस्था दाखवतो. म्हणजे इन्समथची मूळ कल्पना जीवशास्त्राला सर्वस्वी परकी नाही. मग तिचे भय का वाटावे? लव्हक्राफ्टचे उत्तर स्पष्ट आहे : रक्त हेच भवितव्य. 'आर्थर जर्मिन' या त्याच्या आधीच्या कथेत (१९२१) आपल्या वंशात वानराचा अंश असल्याचे कळताच नायक स्वतःला जाळून घेतो. लव्हक्राफ्टचे आईवडील एकाच मनोरुग्णालयात मरण पावले होते. आनुवंशिकतेचे भय त्याला घरातच भेटले असावे. परंतु त्याचा वंशद्वेषही लपलेला नाही. स्थलांतरितांविषयी व कृष्णवर्णीयांविषयी त्याने पत्रांतून व्यक्त केलेली घृणा आणि इन्समथच्या मिश्र संततीचे वर्णन यांची जातकुळी एकच आहे.

कॅथलिक विचारातील उत्पत्ती आणि वारसा :

बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात आरंभी जलमय अंधार आहे. परंतु समुद्रातील अजस्र प्राणी देवानेच निर्माण केले असे तेथे म्हटले आहे. स्तोत्रकाराचा लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी निर्मिलेला आहे. अर्थात सागर भयानक असला तरी तो निर्मितीच्या बाहेर नाही. बाप्तिस्म्यात तर पाण्यात उतरणे हे नव्या जन्माचे चिन्ह ठरते. तर्तुलियन या प्राचीन लेखकाने ख्रिस्ती लोकांना पाण्यात जन्मणारे छोटे मासे म्हटले आहे. इन्समथचा निवेदकही पाण्यात उतरून अमर होणार असतो. मात्र ते अमरत्व त्याला कृपेने मिळत नाही, रक्ताने मिळते.

वारशाचे भान कॅथलिक विचारालाही आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये असे ठरवले की, आदामाचे पाप अनुकरणाने नव्हे, तर वंशपरंपरेने सर्वांकडे येते. आदिपाप हे व्यक्तीने केलेले कृत्य नसून तिला प्राप्त झालेली अवस्था आहे, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट करतो. येथपर्यंत दोन्ही कथांत साम्य आहे. फरक पुढे सुरू होतो. बारावे पायस यांनी 'हुमानी जेनेरिस' (१९५०) या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन करण्यास मोकळीक दिली, परंतु प्रत्येक आत्मा देवाने थेट निर्माण केलेला आहे, असे सांगितले. म्हणजे देहाला वंशावळ आहे. आत्म्याला ती नाही. पूर्वज कोणीही असोत, व्यक्तीचे मोल तेथून येत नाही.

याचा सर्वांत सुंदर दाखला संत ऑगस्टीन यांच्या 'ईश्वराची नगरी' या ग्रंथाच्या सोळाव्या भागात मिळतो. कुत्र्याच्या तोंडाची, एका पायाची अशी विचित्र माणसे दूरदेशी असल्याच्या कथा त्या काळी प्रचलित होत्या. ती आदामाची लेकरे मानावीत काय? ऑगस्टीन म्हणतात की, एक तर या कथा खोट्या असतील, किंवा ते प्राणी मानव नसतील. परंतु जो मर्त्य आणि विवेकशील आहे, तो रूपाने, रंगाने, आवाजाने कितीही वेगळा असला तरी त्याच एका आदिपुरुषापासून आलेला आहे. हा निकष लावला तर इन्समथच्या रहिवाशांचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांच्या आकारावरून सुटणार नाही. त्यांना विवेक आहे काय, एवढेच पाहावे लागेल.

तत्त्व आणि आचरण :

हे तत्त्व कॅथलिक समाजाने नेहमी पाळले असे मात्र म्हणता येत नाही. १५३७ मध्ये तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवासी खरे मानव आहेत, असे आज्ञापत्र काढले. ते काढावे लागले, यातच परिस्थिती स्पष्ट होते. स्पेनमधील तोलेदो येथे १४४९ मध्ये 'रक्तशुद्धी'चा नियम करून धर्मांतरित ज्यूंच्या वंशजांना अधिकारपदांपासून दूर ठेवण्यात आले. पाचवे निकोलस यांनी त्याचा निषेध केला, तरी ही प्रथा पसरली. जेझुइट संघानेही १५९३ मध्ये ज्यू वंशाच्या व्यक्तींना प्रवेशबंदी केली. ती १९४६ पर्यंत टिकली. लक्षणीय बाब अशी की, याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त आदाम-हव्वेची कथा मराठी ओवीत सांगितली. सर्व मानव एका आईबापाची लेकरे आहेत, असे सांगणारी कथा आणि रक्ताचा हिशेब ठेवणारी संस्था एकाच काळात एकत्र नांदत होत्या.

जनुकशास्त्राने उभा केलेला प्रश्न :

'हुमानी जेनेरिस'ने एकाहून अधिक आद्य जोडप्यांची कल्पना आदिपापाच्या सिद्धांताशी कशी जुळेल ते दिसत नाही, असे म्हटले होते. आज जनुकशास्त्र सांगते की, मानवाचा पूर्वजसमूह कधीही दोन व्यक्तींइतका आकुंचित झालेला दिसत नाही. तो काही हजारांचा होता. २०१० मध्ये निअँडर्थल मानवाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरील लोकांत त्याचा सुमारे दोन टक्के अंश असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे आपण सर्व मिश्र वंशाचेच आहोत.

या अडचणीवर केनेथ केम्प या तत्त्वचिंतकांनी २०११ मध्ये एक तोडगा सुचवला. मोठ्या समूहातील दोघांना देवाने विवेकशील आत्मा दिला. त्यांच्या संततीचे इतरांशी संबंध आले. कालांतराने सर्व मानव त्या जोडप्याचे वंशज झाले, परंतु केवळ त्याच जोडप्याचे नव्हे. तर्कदृष्ट्या हा मार्ग सुसंगत आहे. तथापि त्यात आत्मा असलेले आणि नसलेले यांचा संकर मानावा लागतो आणि तेथे वाचकाला इन्समथची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आदिपाप 'वंशपरंपरेने' येते, या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न त्यामुळे धर्मशास्त्रापुढे खुलाच राहतो.

समारोप :

लव्हक्राफ्ट आणि कॅथलिक परंपरा हे दोघेही माणसाला स्वयंभू मानत नाहीत. आपल्यामागे एक खोल, न निवडलेला भूतकाळ आहे, हे दोघांनाही मान्य आहे. लव्हक्राफ्टच्या मते तो भूतकाळ उघडा पडला की माणूसपण संपते. ऑगस्टीन यांच्या निकषानुसार तो कितीही विचित्र निघाला तरी माणूसपण शाबूत राहते. विज्ञानाने आपली वंशावळ मत्स्यापर्यंत आणि निअँडर्थल मानवापर्यंत नेऊन ठेवली आहे. ती आता बदलता येणार नाही. तिच्यावरून कोणाला कमी लेखायचे की नाही, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो. ज्या समाजांत जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय अद्याप गेलेली नाही, त्यांनी इन्समथची कथा केवळ करमणूक म्हणून वाचू नये.