विश्लेषण : पहिली हलकी ट्रेकिंग सॅक घेताय? लिटर नंतर, आधी पाठ मोजा!

पावसाळा ओसरला की मुक्कामी ट्रेकचे बेत सुरू होतात आणि त्याबरोबर नव्या सॅकची खरेदीही. बुटांचा नंबर प्रत्येक जण विचारतो, सॅकचा नंबर मात्र क्वचितच कोणी विचारतो. ‘पन्नास लिटरची दाखवा’ एवढ्यावर व्यवहार आटोपतो. पण लिटर हे सॅकमध्ये किती मावते याचे माप आहे, ती तुमच्या पाठीवर कशी बसेल याचे नव्हे. पहिली हलकी सॅक निवडताना नेमके काय पाहायचे, माप कसे घ्यायचे आणि हलकेपणाची हाव कुठे थांबवायची, हे जाणून घेऊया.

‘हलकी सॅक’ म्हणजे किती हलकी?

मुक्कामी ट्रेकसाठी मिळणाऱ्या पारंपरिक ५० ते ६० लिटरच्या सॅकचे रिकामे वजन साधारण दोन किलो किंवा त्याहून अधिक असते. सुमारे एक ते दीड किलोच्या सॅकला हलकी म्हटले जाते. त्याखालच्या, म्हणजे किलोपेक्षा कमी वजनाच्या सॅक ‘अल्ट्रालाइट’ प्रकारात मोडतात. त्यातल्या अनेकांमध्ये पाठीमागची सळई किंवा पत्रा, म्हणजेच फ्रेम नसते.

ही विभागणी सॅकपुरती मर्यादित नाही. पाणी, खाणे आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाच्या एकूण वजनाला ‘बेस वेट’ म्हणतात. ते नऊ किलोच्या आत असेल तर हलके आणि साडेचार किलोच्या आत असेल तर अल्ट्रालाइट, असा ढोबळ संकेत जगभरचे ट्रेकर पाळतात.

हा प्रकार आला कुठून?

अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ च्या सुमारास अॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि खांद्यावरचा भार कंबरेकडे वळवण्याची कल्पना लोकप्रिय केली. आजच्या सॅकचा कंबरपट्टा हा त्याच विचाराचा वारसा. दुसरीकडे १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजी घरी शिवलेली कापडी पिशवी खांद्यावर टाकून तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अॅपलेशियन ट्रेल एकट्याने चालल्या. पुढे रे जार्डिन यांच्या १९९२ मधील पुस्तकामुळे कमी सामान आणि साधी, बिनफ्रेमची सॅक या पद्धतीला मोठा वाचकवर्ग मिळाला. एक विचार भार नीट वाहण्याचा, दुसरा भारच कमी करण्याचा. आजची चांगली हलकी सॅक या दोन्हींचा मेळ घालते.

एका किलोने असा काय फरक पडतो?

हिशेब करून पाहू. राजगड-तोरणा असा एका मुक्कामाचा ट्रेक आहे आणि जाणाऱ्याचे वजन ५५ किलो आहे, असे समजा. सॅकचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत ठेवावे, असा प्रचलित ठोकताळा आहे. म्हणजे मर्यादा ११ किलो.

आता सामान मोजा :

• स्लीपिंग बॅग : १ किलो
• मॅट : ४०० ग्रॅम
• कपडे : १.२ किलो
• रेनकोट किंवा जॅकेट : ३०० ग्रॅम
• टॉर्च, पॉवर बँक, औषधे : ७०० ग्रॅम
• ताट, मग : ३०० ग्रॅम
• तंबूतला आपला वाटा : १.२ किलो
• खाणे : १ किलो
• पाणी तीन लिटर : ३ किलो

बेरीज झाली ९.१ किलो. सॅक १.१ किलोची असेल तर एकूण १०.२ किलो, म्हणजे मर्यादेच्या आत. तीच सॅक २.२ किलोची असेल तर ११.३ किलो. सामान तेच, पण मर्यादा ओलांडली. चढावर दमायला होते ते वेगळेच, पण उतारावर हे जादा वजन प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर येते.

या यादीत सर्वांत जड वस्तू पाणी आहे, हेही लक्षात घ्या. सह्याद्रीत हिवाळ्यानंतर अनेक टाकी आटतात, त्यामुळे पाण्यात काटकसर करणे धोक्याचे. वजन कमी करायचे तर ते सामानात करावे, पाण्यात नाही.

मग सर्वांत हलकी सॅकच घ्यावी का?

नाही. इथेच पहिल्या खरेदीत अनेकांची फसगत होते. फ्रेमचे काम सॅकचा भार खालच्या कंबरपट्ट्यापर्यंत पोहोचवणे हे असते. फ्रेम नसेल तर भार वाढल्यावर सॅक मध्येच दबते, कंबरपट्टा नावापुरता उरतो आणि सगळे ओझे खांद्यावर येते. बिनफ्रेमच्या बहुतेक सॅक आठ-नऊ किलोपर्यंतच सुखाच्या वाटतात. तीन लिटर पाणी आणि तंबूचा वाटा घेणाऱ्या नवख्या ट्रेकरचे ओझे सहज त्यापुढे जाते.

म्हणून पहिली सॅक फ्रेम असलेली, खरा कंबरपट्टा असलेली आणि सव्वा ते दीड किलोच्या आसपासची असावी. अल्ट्रालाइटचा विचार सामान हलके झाल्यावर करावा. याच कारणाने सॅक सर्वांत शेवटी घ्या. आधी स्लीपिंग बॅग, मॅट आणि कपडे ठरवा, त्यांचे वजन आणि आकार पाहा, मग त्यांना मावेल तेवढी सॅक निवडा. मोठी सॅक आधी आणली की ती भरण्यासाठी सामान आपोआप वाढते.

सॅकचा ‘नंबर’ कसा काढायचा?

उंचीवरून नव्हे, पाठीच्या लांबीवरून. सारख्याच उंचीच्या दोघांपैकी एकाचे पाय लांब आणि पाठ आखूड असू शकते. उंच व्यक्तीला मध्यम आणि बुटक्या व्यक्तीला मोठ्या मापाची सॅक बसणे त्यामुळे अगदी शक्य आहे. मोजायला शिंप्याची टेप आणि एक मदतनीस लागतो.

१. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी हाडाचा जो उंचवटा हाताला ठळक लागतो, ते वरचे टोक.
२. दोन्ही हात कंबरेवर असे ठेवा की अंगठे पाठीकडे वळतील. हात कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजेत, पोटाच्या मऊ भागावर नाही.
३. दोन अंगठ्यांना जोडणारी सरळ रेषा कणा जिथे छेदते, ते खालचे टोक.
४. ताठ उभे राहा आणि मदतनिसाला दोन टोकांमधले अंतर कण्याच्या वळणाला धरून मोजायला सांगा.

हे अंतर साधारण ४३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर लहान, ४३ ते ४८ असेल तर मध्यम आणि त्यापुढे मोठे माप समजावे. मात्र कंपनीगणिक हे आकडे बदलतात, म्हणून त्या सॅकचा तक्ता पाहाच. काही सॅकमध्ये खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात. यंत्रणेमुळे वजन थोडे वाढते, पण वाढत्या वयाच्या मुलांसाठी किंवा घरात दोघांनी मिळून वापरण्यासाठी हा पर्याय उत्तम.

महिलांसाठीच्या सॅकमध्ये पाठ आखूड, खांद्याचे पट्टे अधिक वळणदार आणि जवळ, तर कंबरपट्टा तिरका असतो. फरक केवळ रंगाचा नाही. अरुंद खांदे असलेल्या पुरुषांनाही ही सॅक अनेकदा चांगली बसते. लेबल पाहू नका, घालून पाहा.

दुकानात सॅक कशी तपासायची?

रिकामी सॅक प्रत्येकालाच छान बसते. त्यामुळे आत सात-आठ किलो वजन भरायला सांगा. दुकानात वजने नसतील तर तंबू, दोर, पाण्याच्या बाटल्या चालतील. मग या क्रमाने पट्टे ओढा :

• सर्व पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्या.
• आधी कंबरपट्टा. पट्ट्याचा मधला भाग कंबरेच्या हाडावर आला पाहिजे. पोटावर आला तर श्वास अडतो, खाली घसरला तर मांडी उचलताना अडथळा होतो.
• मग खांद्याचे पट्टे. ते खांद्याला चिकटावेत, रुतू नयेत.
• खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे असतील तर ते हलके ओढा. ते साधारण ४५ अंशांत वर गेलेले दिसावेत.
• शेवटी छातीचा पट्टा. तो गळपट्टीच्या हाडाच्या थोडा खाली असावा आणि खोल श्वास घेता आला पाहिजे.

आता किमान १५-२० मिनिटे सॅक काढू नका. जिना चढा-उतरा, खाली वाका, मान वर करून छताकडे पाहा. चढावर वाट शोधताना डोके सॅकवर आपटत असेल तर ती सॅक नको.

ऑनलाइन घेतली असेल तर हीच चाचणी घरी तांदूळ-डाळीच्या पिशव्या भरून करा आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत टॅग काढू नका.

माप चुकल्याची लक्षणे कोणती?

कंबरपट्टा जागेवर असताना खांद्याच्या वर पट्ट्याखाली मोठी फट दिसत असेल तर सॅकची पाठ तुमच्यासाठी लांब आहे. पट्टे खांद्याला खाली ओढत असतील आणि कंबरपट्टा वर पोटावर चढत असेल तर ती आखूड आहे. कंबरपट्टा पूर्ण आवळूनही सैल राहत असेल, तर पाठीचे माप बरोबर असूनही सॅक उपयोगाची नाही.

दुर्लक्ष केल्यास त्रास केवळ खांदेदुखीवर थांबत नाही. जड सॅकचे पट्टे दीर्घकाळ रुतले तर मानेकडून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येऊन मुंग्या येणे, बधिरपणा, क्वचित हात उचलता न येणे असा त्रास होऊ शकतो. वैद्यकशास्त्रात त्याला ‘रकसॅक पाल्सी’ म्हणतात आणि ओझे वाहणाऱ्या सैनिकांमध्ये त्याची नोंद झालेली आहे. सॅक काढल्यावरही बधिरपणा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा धोका तोल जाण्याचा. सैल सॅक पाठीवर डुलते. मोकळ्या पठारावर त्याचे काही वाटत नाही, पण हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर किंवा एखाद्या रॉक पॅचवर ती बाजूला झुकली तर शरीरही त्याच दिशेने ओढले जाते. त्यामुळे जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागी भराव्यात. वस्तू पाठीपासून जितकी लांब, तितकी ती तुम्हाला मागे जास्त खेचते. मॅट आडवी बांधली तर अरुंद वाटेवर ती कड्याला घासते, म्हणून ती उभी बांधावी.

किती लिटरची घ्यावी?

एका दिवसाच्या ट्रेकला २० ते २५ लिटर पुरते. एक-दोन मुक्कामांसाठी ३५ ते ४५ लिटर. आयोजकांकडून तंबू आणि जेवण मिळणाऱ्या हिमालयातल्या पाच-सात दिवसांच्या ट्रेकला जाड कपड्यांमुळे ४५ ते ५५ लिटर लागते. पहिली सॅक घेणाऱ्याने ४० ते ४५ लिटरची निवडली तर सह्याद्रीत ती वर्षभर वापरात राहते.

कापड आणि पावसाचे काय?

लेबलवर ‘७० डेनियर’, ‘२१० डेनियर’ असे लिहिलेले असते. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. आकडा जितका मोठा, तितका धागा जाड. आपल्याकडचा खरबरीत बेसॉल्ट आणि करवंदीच्या जाळ्या पाहता अगदी पातळ कापड लवकर फाटते. किमान तळाचे कापड जाड असावे. बाहेरचे जाळीदार कप्पे काट्यांत सर्वांत आधी अडकतात, त्याऐवजी ताणणारे घट्ट विणीचे कापड बरे.

सॅक ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकली तरी शिलाईतून आणि चेनमधून पाणी शिरतेच. रेन कव्हर वरून वाचवते, पण पाठ आणि सॅक यांच्यामधून ओघळणारे पाणी अडवत नाही. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावून त्यात सामान भरणे, हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय. घरी आल्यावर सॅक सावलीत पूर्ण वाळवा. दमट हवेत बंद कपाटात ठेवलेल्या सॅकच्या आतला लेप चिकट होऊन सुटू लागतो.

लगेच विकतच घ्यावी का?

घाई नाही. मुंबई-पुण्यात ट्रेकिंगचे साहित्य भाड्याने मिळते, मित्रांकडेही सॅक असतात. एक-दोन मुक्काम वेगवेगळ्या सॅक घेऊन करा. कुठल्या सॅकने खांदे दुखले, कुठलीची आठवणही झाली नाही, हे टिपून ठेवा. मग पाठीचे माप आणि सामानाचे वजन कागदावर लिहून दुकानात जा. दोन्ही आकडे हातात असले की सवलतीच्या पाटीपेक्षा तुमच्या पाठीला शोभणारी सॅक निवडणे सोपे जाते.