पापडाच्या पेटीचा हिशेब

चांदवडहून सटाण्याकडे जाताना लागणारे देवळा हे कसमादे पट्ट्यातील तालुक्याचे गाव, कांदा आणि डाळिंब यांच्या भावावर ज्याची वर्षाची सुखदुःखे ठरतात असे. आणि उमराण्याच्या बाजारात कांदा विकून परतणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला हिशेबपट्टी कशी वाचावी हे कोणी शिकवावे लागत नाही. लिलावात पुकारलेला भाव आणि प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम यांच्या दरम्यान हमाली, तोलाई, वाराई असे रकाने असतात, हे त्याला पिढीजात ठाऊक असते, आणि त्या रकान्यांवरून तो प्रसंगी हुज्जतही घालतो. त्याच घरातील सून नागलीचे पापड आणि काळा मसाला मोबाइलवरून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना विकू लागली, म्हणजे मात्र दुकानाला भाडे नाही, पागडी नाही, सबब खर्चही नाही, अशी सुखद समजूत घरभर पसरते. माझ्या मते या धंद्यातील बहुतेक तोट्याचे मूळ या समजुतीत आहे. कारण ऑनलाइन विक्रीलाही हिशेबपट्टी असतेच, आणि ती विक्री सुरू करण्यापूर्वी आपली आपण मांडावी लागते.

पहिला रकाना वजनाचा. पापड हा हलका परंतु जागा व्यापणारा जिन्नस आहे, आणि कुरिअर कंपन्यांचा सर्वसाधारण शिरस्ता असा की, पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागावे, आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून अधिक असेल तर त्यावरच आकारणी करावी. ३० × २० × २० ची पेटी म्हणजे १२,००० घनसेंटिमीटर, अर्थात २.४ किलो, आत पापड एकच किलो असला तरी भाडे अडीच किलोचे पडते. पापड फुटू नये म्हणून मायेने घेतलेली मोठी पेटी अशा रीतीने मालकिणीलाच महाग पडते, आणि पापडांच्या मापाची बसकी पेटी मुद्दाम बनवून घेण्याचा खर्च थोड्याच दिवसांत वसूल होतो.

दुसरा रकाना अधिक जिव्हारी लागणारा आहे, तो परत येणाऱ्या मालाचा. माल हाती पडल्यावर पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे नवी नव्हे, टपालखात्याने व्ही. पी. ची सोय १८७७ सालीच सुरू केली होती, आणि व्ही. पी. न सोडवता परत पाठवणारे गिऱ्हाईक हे मराठी ग्रंथविक्रेत्यांचे आणि मासिकांच्या चालकांचे जुने दुखणे होते. आता उदाहरणादाखल आकडे मांडू. समजा, किलोभर पापडांची किंमत घरपोच ५०० रुपये ठेवली. त्यात जिन्नस व मजुरी २३०, पेटी ३०, रवानगी १२० आणि रोख वसुलीचा आकार ३०, असे ४१० वजा जाता ९० रुपये उरतात. दहा पेट्या पाठवल्या आणि त्यांतील दोन गिऱ्हाइकांनी दारातूनच परत केल्या, तर आठांचा नफा ७२०; परंतु दोन पेट्यांचे जाण्या-येण्याचे भाडे आणि पेटी मिळून प्रत्येकी २७०, म्हणजे ५४० रुपये गेले. पापड धड परत आले तर १८० रुपये हाती राहतात, आणि त्यांचा चुरा होऊन आले तर आणखी ४६० जाऊन उलट २८० रुपयांची खोट बसते. दहापैकी आठ माणसे समाधानाने पापड तळून खात असताना विकणारी बाई पदरमोड करीत असते, आणि कित्येकदा तिला त्याचा पत्ताही नसतो.

पत्ता नसण्याचे एक कारण असे की, वरील २३० मधली मजुरी बहुधा लिहिलीच जात नाही. लाटणारी सासू, वाळवणावर लक्ष ठेवणारी मुलगी, रात्री चिठ्ठ्या चिकटवणारी सून, यांचे श्रम घरचे म्हणून फुकट धरले जातात, आणि जो नफा दिसतो तो वस्तुतः त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा असतो. शेजारच्या बाईला हे काम सांगितले असते तर काय द्यावे लागले असते, तो आकडा रोजकीर्दीत घालावा, असा माझा आग्रह आहे. त्याने नफा कमी दिसेल, परंतु जो दिसेल तो खरा असेल.

सरकारी रकाने तुलनेने सौम्य आहेत. अन्नपदार्थांच्या लहान उत्पादकासाठी २०११ च्या नियमावलीने नोंदणीची फी वर्षाला अवघी १०० रुपये ठेवली. पापडावर वस्तू व सेवा कर नाही, मसाल्यावर ५ टक्के आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतील उलाढालीच्या विक्रेत्याला, माल राज्यातच विकला जात असेल तर, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरही कराच्या नोंदणीविना विकण्याची मुभा मिळाली. त्यासाठी एक नोंदक्रमांक घेतला म्हणजे पुरते. मसाला सुरतेला पाठवायचा असेल तर मात्र नोंदणी चुकत नाही, आणि बागलाणाला लागूनच गुजरातची हद्द असलेल्या या मुलखात सुरतेचे गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नाही.

२०२० च्या टाळेबंदीत दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने भाजी आणि फळे थेट शहरांतील घरोघरी पोचवली, ती प्रतवारी, शीतगृह आणि वाहने आधीच उभी होती म्हणून. लहान घराजवळ हे काहीच नसते. परंतु माल एकत्र पाठवण्याची युक्ती त्यालाही साधते. नाशिकच्या एकाच वसाहतीतील दहा घरांची मागणी गोळा करावी, पैसे आगाऊ यूपीआयने घ्यावेत, ज्यावर १ जानेवारी २०२० पासून विक्रेत्याला दस्तुरी पडत नाही, आणि एकच खोके एस.टी.ने वा ओळखीच्या गाडीने रवाना करावे. वाहतुकीला सगळे मिळून ३०० रुपये पडले असे धरले, तर माणशी ३० होतात. साधी पिशवी १० ची. म्हणजे किलोमागे खर्च २७०. गिऱ्हाइकाला १०० रुपये सूट देऊन ४०० ला दिला, तरी १३० रुपये घरात येतात.